कारखान्याची कल्हई

मला घरात सगळे बडबडी म्हणतात, आणि त्यात काही खोटं नाही. गल्लीत कुणाची सून रुसून माहेरी गेली, कुणाकडे मुलगी बघायला पाहुणे आले, हे आधी माझ्या तोंडून निघतं आणि मग घडतं, असं माझा नवरा म्हणतो. म्हणू दे. पण एवढ्या बडबडीत एक गोष्ट मी कधी बाहेर पडू दिली नाही — नवऱ्यापाशी नाही, मुलीपाशी नाही. देवीपुढे हात जोडते तेव्हासुद्धा मी नेमकी तेवढी जागा ओलांडून पुढचं बोलते. जणू तिला ते माहीतच नाही!

तर ती आज सांगते. कशासाठी, ते विचारू नका.

आमच्या मागच्या दारी एक पिंप आहे. जस्ती पत्र्याचं, झाकणाचं, पूर्वी पाणी साठवायला घरोघरी असायचं तसं. ही गोष्ट त्या पिंपाची आहे, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. पण पिंपाचा काय दोष? ते पाण्यासाठी होतं, आणि पाण्याला ते चांगलंच होतं.

नव्वदीच्या सुरुवातीचे दिवस. कोल्हापुरात, तालमीच्या मागच्या गल्लीत आमचं घर, आणि घरात आम्ही दोन जावा. थोरली गारगोटीकडची, मी नेसरीची. आमच्या नेसरीकडे कानडी वारं. थोरल्या बहिणीला तिकडे अक्का म्हणतात. मला सख्खी बहीण नाही, म्हणून लग्न होऊन आल्या आल्या मी जावेलाच अक्का म्हणायला लागले आणि तिलाही ते आवडलं. तिनं मला खरोखर बहिणीसारखं वागवलं. हे आधीच सांगून ठेवते — म्हणजे पुढचं ऐकताना तुम्ही माझ्या बाजूनं कारणं शोधत बसणार नाही. तिचा मला जाच नव्हता. आमचं भांडण नव्हतं. माझं बाळंतपण झालं तेव्हा माझ्या पोरीला पहिली आंघोळ तिनं घातली होती.

अक्काच्या हाताची आंबील सगळ्या गल्लीला ठाऊक होती. मार्गशीर्षात, सौंदत्तीच्या देवीच्या डोंगरावरून जत्रेची माणसं परत आली की आमच्या गल्लीत देवीला आंबील-भाकरीचा नैवेद्य असतो. भाकरी, वांग्याची भाजी, कांद्याची पात, गाजर ज्याच्या त्याच्या घरचं. आंबील मात्र आमच्या घरची, सगळ्यांना पुरेल एवढी. आदल्या दिवशी ज्वारीचं पीठ शिजवायचं, गार करायचं, आंबट ताक घालून रात्रभर मुरू द्यायचं. देवीला दाखवायच्या आधी ती कुणी चाखायची नाही, हा नियम. मीठसुद्धा अंदाजानं. अक्काचा अंदाज कधी चुकला नाही. आमच्या सासूबाई — आत्याबाई म्हणायचो आम्ही त्यांना — एरवी कुणाचं कौतुक करतील तर शपथ. पण त्या दिवशी अक्काच्या हातात आंबील ढवळायचा डाव देताना त्यांचा चेहराच वेगळा व्हायचा. मी बघायचे. हेवा वाटायचा का? वाटायचा. थोडा.

पण पुढचं जे झालं ते हेव्यापोटी झालं नाही. हेव्यापोटी केलं असतं तर निदान काहीतरी मोठं वाटलं असतं. कारण फार साधं होतं, आणि म्हणून सांगायला जास्त लाज वाटते.

आंबील मुरायची ती पितळेच्या थोरल्या तपेल्यात. पितळेत आंबट कळकतं, म्हणून दरवर्षी आधी त्याला आतून कल्हई करून आणायची. पूर्वी कल्हईवाला गल्लीतच भाता लावून बसायचा. तोवर त्याचं येणं बंद झालं होतं. तपेलं रिक्षात घालून दुसऱ्या पेठेत न्यावं लागायचं. त्या वर्षी ते काम माझ्याकडे होतं. आणि मी — मी तपेलं वाटेत मैत्रिणीच्या घरी ठेवलं आणि तिच्याबरोबर मॅटिनीला गेले. उद्या नेऊ म्हटलं. उद्या दुकान बंद.

‘तपेलं कल्हईला टाकून आलो,’ असं मी घरी आधीच सांगून बसले होते. आमच्याकडे बायकाही ‘आलो-गेलो’च म्हणतात, पुण्याच्या पाहुण्यांना त्याचं फार हसू येतं. मग आंबिलीच्या आदल्या दिवशी दुसरं खोटं: तिथं लई गर्दी हाय, तपेलं काय वेळेत मिळत न्हाय. अक्काच्या तोंडचं पाणी पळालं. एवढी आंबील मुरवायची कशात? स्टीलची भांडी घरात होती, पण ती रोजच्या आमटीभाताएवढी.

पाण्याची ओरड म्हणून माझ्या नवऱ्यानं नुकतंच ते पिंप आणलं होतं. आतून लखलखीत, पत्र्यावर फुलं उमटलेली. हुबेहूब नवी कल्हई. मी अक्काला म्हटलं, ‘ह्यात मुरव की! ह्याला कारखान्यातनंच कल्हई करून येती. हातानं केल्यापेक्षा पक्की, कधी जायाचीच न्हाय.’

हे मला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. आतून चमकतं ते कल्हईचं, एवढंच आम्हाला माहीत. कल्हई कथलाची आणि पिंपाला लावलेलं ते जस्त, आणि ही दोन वेगळी, हे कुठे ठाऊक होतं? पण मी बारावी झालेली आणि अक्का सातवीतून काढलेली. मी ठासून बोलले की तिला ते खरं वाटायचं. ‘तू म्हणतीस तर आसंल की,’ ती म्हणाली आणि पिंप घासायला बसली.

इथवर ही नुसती चूक आहे. कुणाच्याही हातून झाली असती. एवढंच असतं तर मी ती गल्लीभर हसत सांगत फिरले असते.

सकाळी अक्का आंघोळीला गेली होती. आंबील ढवळायला म्हणून मी झाकण काढलं, आणि बोट बुडवून चाटलं. देवीच्या आधी. हावरटपणा, दुसरं काय? वर्षभर जिची वाट बघायची ती आंबील समोर, आणि बघायला कुणी नाही. जीभ एकदम आवळली. तुरट लागलं, आणि मागून तोंडात नाणं धरल्यासारखी चव आली. अशी आंबील आमच्या घरात कधी झाली नव्हती, हे मला त्या एका बोटात कळलं.

सांगायला हवं होतं ना? पण सांगायचं कसं? तुला कसं कळलं, हाच पहिला प्रश्न आला असता. मग मी मनाशी ठरवून टाकलं, की आपण नियम मोडला म्हणून देवीनंच आपल्या जिभेला चिमटा काढला. आंबील चांगलीच असणार. मी तोंड धुतलं, वरून कोथिंबीर जरा जास्तच पेरली आणि झाकण लावलं.

नैवेद्य झाला. नेहमीसारखी आधी पोरं बसली. गोंधळ होता, हसणं होतं, आणि त्यातच एक पोरगं पानावरच ओकलं. त्याला कुणी उठवतंय तोवर त्याच्या शेजारचं. मग रांगच लागली. पोटाला हात धरून पोरं आडवी व्हायला लागली, आणि त्यात माझी पोरगी होती. मी नुसती उभी. अक्कानं तिला उचललं, पदरात तिची उलटी घेतली आणि तशीच रिक्षात बसली. मी मागून दुसऱ्या रिक्षानं गेले.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होता. सगळ्या पोरांनी काय खाल्लं, किती वेळानं उलटी झाली, ते तो विचारत आला. माझ्यापाशी आला तेव्हा अक्का पोरीला घेऊन बाहेर नळावर गेली होती. त्यानं विचारलं, ‘आंबील कशात ठेवली होती?’

मी म्हणाले, ‘पितळेच्या पातेल्यात. कल्हईच्या.’

कसं आलं ते वाक्य? मला शोधावंसुद्धा लागलं नाही. ते तयारच होतं, तपेल्याचं खोटं आधीच सांगून झालेलं होतं ना — त्याच्यामागून हे आपोआप आलं.

तो म्हणाला, ‘नक्की? कारण ताप नाही, आणि खाल्ल्या खाल्ल्या उलट्या. जस्ती पत्र्याच्या बादलीत, पिंपात आंबट ठेवलं की असं होतं. पाण्याला काही होत नाही, पण ताक, चिंच, लिंबू असलं त्यात मुरलं की जस्त उतरतं. पोटाला ते सोसत नाही.’

मी मान हलवली. नक्की, म्हणाले. तो पुढच्या खाटेकडे वळला आणि मी जागची हलले नाही. माझी स्वतःची पोरगी त्यात होती, आणि मी जागची हलले नाही. संध्याकाळपर्यंत पोरं उठून दंगा करायला लागली, हे माझं नशीब. एखादं जास्त झालं असतं तर? हा प्रश्न मी त्या दिवशी स्वतःला विचारला नाही. नंतर मात्र तो प्रश्नच मला पुष्कळ वेळा विचारत आला.

घरी येऊन उरलेली आंबील मी गटारात ओतली. पिंपात वाकून बघितलं. आंबील जिथवर होती तिथवर पत्र्याची चमक गेली होती, राख फासल्यासारखा पांढुरका रंग आला होता; वर फुलं तशीच. मी ते खसाखसा घासलं, पाण्यानं काठोकाठ भरलं आणि झाकण लावलं. तुम्ही म्हणाल, अजूनही वेळ गेली नव्हती. खरं आहे.

दुसऱ्या दिवशी आमच्या पुढच्या सोप्यात गल्लीतल्या म्हाताऱ्या जमल्या. झालं कशानं? पीठ घरचं होतं. ताक ताजं होतं. पिंपाकडे कुणाचं बोट गेलंच नाही, कारण घरातली सगळी माणसं त्यातलं पाणी पीत होती आणि ठणठणीत होती. मग राहिलं काय? राहिली अक्का. अक्कानं चाळिशी ओलांडली होती, पाळी मागेपुढे व्हायचं वय. आत्याबाईंनी मला हाक मारली.

‘तू आसतीस की दिसभर तिच्यासंगं. तिला अडचण हुती आणि तिनं लपवलं, आसं तर न्हवं? देवीला इटाळ झाल्याबिगार आसं व्हायचं न्हाय. खरं सांग.’

आता ऐका. काही दिवसांपूर्वीच, न्हाणीघरापाशी आम्ही दोघीच असताना, अक्का मला म्हणाली होती, की तिचं महिन्याचं बंदच झालंय, कितीतरी महिने काही नाही. लाजत सांगितलं होतं. दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. म्हणजे अक्काच्या बाजूनं बोलू शकेल अशी आख्ख्या जगात एकच बाई होती, आणि तिलाच विचारलं होतं. मी नुसतं ‘न्हाय, तिला न्हवती अडचण’ म्हणायचं होतं. पण मग पुढचा प्रश्न आला असता — मग कशानं झालं? आणि त्या प्रश्नामागे पिंप होतं, पिंपामागे तपेलं, तपेल्यामागे मॅटिनी.

मी म्हणाले, ‘मी काय कुणाच्या तारखा मोजत बसत न्हाय, आत्याबाई.’

एक-दोघी हसल्यासुद्धा. बघा, किती हुशार वाक्य! त्यात एक अक्षर खोटं नाही. म्हाताऱ्यांनी एकमेकींकडे बघितलं, आणि ठरलं: अडचण होती आणि अक्कानं ती लपवली. अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती माझ्याकडे बघत राहिली — रागानं नव्हे, काहीतरी आठवण करून द्यावी तसं. अगं, तुला सांगितलं नव्हतं का मी? मी पोरीला पुढ्यात घेतलं आणि तिची वेणी घालायला लागले.

डॉक्टरच्या बाजूनं बघा नाहीतर आत्याबाईंच्या. डॉक्टरच्या बाजूनं बघितलं तर पिंप मी सुचवलं होतं. आत्याबाईंच्या बाजूनं बघितलं तर देवीची आंबील उष्टी मी केली होती. दोन्हीकडून वाट माझ्याच दाराशी येत होती. अक्काचा संबंध कुठेच नव्हता.

पुढच्या वर्षी आत्याबाईंनी डाव माझ्या हातात दिला. मी नवी स्टीलची पातेली आणायला लावली, आंबट दुसऱ्या कशात घालायचं नाही असा घरात दंडक घातला. सगळे म्हणाले, धाकटी फार टापटिपीची. आंबीलही चांगली व्हायला लागली. ‘सुमनच्या हाताला चव हाय,’ असं गल्ली म्हणायला लागली. मला ते आवडलं का? आवडलं. खोटं कशाला बोलू आता?

आणि अक्का? तिला घरातून कुणी काढलं नाही, कुणी टाकून बोललं नाही. एवढंच झालं, की देवाधर्माचं काही निघालं की तिला कुणी हाक मारायची नाही. पुढेपुढे हाक न येण्याचीही ती वाट बघेना. सण आला की आपणहून मागच्या दारी भांडी घासायला बसायची. हळदीकुंकवाला गेली तर उंबऱ्याशी थांबायची. तिचं सगळं कधीच बंद झालेलं, तरी ती देवघराच्या दाराशी आली की पाऊल मागे घ्यायची. मी ते पाऊल वर्षानुवर्षं बघितलं. घरातच होते मी, कुठे जाणार?

मग दोन हजार साल मागे पडलं. आत्याबाई गेल्या, सोप्यात बसलेल्या म्हाताऱ्या एकेक करून गेल्या. गल्लीतली ती पोरं नोकऱ्यांना लागली. ती गोष्ट कुणाच्या लक्षातही राहिली नाही. पिंपात आम्ही गहू ठेवायला लागलो होतो. अक्काच्या नातवाचं बारसं घरीच होतं. जेवणाला मठ्ठा करायचा होता. मी मागच्या दारी आले तर अक्कानं गहू काढून पिंप धुतलं होतं आणि ताकाची कळशी त्यात ओतायला उचलली होती.

मी ओरडले. ‘अक्का, त्यात नगं! आंबट न्हाय चालत, जस्त उतरतंय, पोरं ओकत्यात!’

कळशी तशीच हातात. मग तिनं ती हळूच खाली ठेवली. पिंपाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. अक्का सातवी शिकलेली असली तरी मंद नव्हती.

‘मंजे… त्येवेळची आंबील ह्यातच हुती.’

मी कळशी उचलून पिंपापासून लांब ठेवली.

‘तुला कवा कळलं ह्ये?’

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. समोर तीच, विचारणारी तीच, घरात बाकी सगळी माणसं पुढच्या दारी. याहून सोपी वेळ देवीनं तरी आणखी कुठली द्यायची? मी म्हणाले, ‘परवा टीव्हीवर सांगत हुते.’

अक्का पायरीवर बसली. मी खालच्या पायरीवर टेकले. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, ‘मला वाटायचं, माझंच मला कळलं न्हाय आसंल. बायकांचं काय सांगावं, बंद झालं म्हणताना हुतंय कवा कवा. माझ्यामुळं पोरं मेली असती, म्हणून रोज देवीची माफी मागत आलो बघ मी.’

म्हणजे त्या दिवशी सोप्यात जे ठरलं ते तिनंही खरं मानलं होतं. मला वाटत होतं तिला मनातून माहीत असणार, की आपण निर्दोष आहोत. निदान तेवढं तरी तिच्यापाशी असणार. तेवढंही मी तिच्यापाशी ठेवलं नव्हतं.

ती रडली नाही. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. ‘बरं झालं सांगितलंस,’ म्हणाली, ‘न्हायतर मी आसंच घेऊन गेलो आसतो.’

त्या हाताखाली मी बसले होते. अक्का, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं — हे वाक्य तोंडात आलं होतं. अगदी दातांपर्यंत. मी म्हणाले, ‘च्या टाकू का गं?’

‘टाक की,’ ती म्हणाली.

त्या संध्याकाळी बाळाला पाळण्यात घालायच्या आधी अक्का देवघरात गेली. उंबऱ्यावर क्षणभर थांबली, आणि मग आत गेली. निरांजन तिनं लावलं.

त्यानंतर ती काही वर्षं होती. घरी कुणी आलं, की आंबिलीचा विषय नसला तरी ती तो काढायची आणि शेवटी सांगायची, ‘आमच्या सुमननं मोकळं केलं बघा मला.’ शेवटच्या आजारपणात भेटायला आलेल्यांनाही तिनं तेच सांगितलं. मी तिच्या उशाशीच बसलेली असायचे. आलेली माणसं माझ्याकडे कौतुकानं बघायची, आणि मी मान खाली घालून तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं करायचे.